पाचतारी घ्यावी की चारतारीवरच भागवावं?

टेनर युकुलेलेवर (गिटारसारखं छोटं, चार तारांचं वाद्य; टेनर हा त्यातला मोठ्यांपैकी आकार) भावगीतं वाजवायला लागलं की प्रश्न एकच उरतो: ‘जी’ (G) सुराची तार वरच्या सप्तकातली की खालच्या? पांढरी एकचा सा धरला तर उघड्या तारा प, सा, ग, ध. नेहमीच्या बांधणीत, म्हणजे हाय-जीत, तो प साच्या वरचा असतो, त्यामुळे चाल साच्या खाली उतरली की आपण तोंडावर पडतो. म्हणून लोक लो-जी लावतात, म्हणजे मंद्र पंचम. चाल मग पुरते, पण साथ करताना तो मूळचा खळखळाट हरवतो. पाचतारीत दोन्ही पंचम शेजारी शेजारी असतात, एकाच बोटाखाली दाबायचे.

तीन वर्षं मी एकाच चारतारीवर जी बदलत काढली. ते जमतं, कोणी नाही म्हणू नये. पण नायलॉनच्या जातीची नवी तार बसायला चार-पाच दिवस घेते, तोवर प्रत्येक गाण्यानंतर पेग (तार ताणायची खुंटी) पिळायचा. तेही चाललं असतं. मला नडली ती नटची, म्हणजे गळ्याच्या टोकाशी तारा टेकतात त्या पट्टीची, खाच.

मला तारेवरून बोट सरकताना येणारा चिर्र आवाज सहन होत नाही, म्हणून मी वेटोळ्याची (वरून बारीक तार गुंडाळलेली) न घेता साधी, जाड लो-जी आणली. ती खाचेत बसेना. पॉलिशपेपरची सुरळी करून खाच रुंद केली. हात जरा जड पडला आणि ती किंचित खोलही झाली. पुढच्या महिन्यात सोसायटीच्या गणपतीत वहिनींच्या गाण्याला साथ करायची म्हणून परत बारीक जी चढवली, तर उघडी तार झर्र वाजायला लागली. फ्रेट (गळ्यावरच्या आडव्या पट्ट्यांचं घर) दाबला की स्वच्छ, सोडला की झर्र. आणि सी कॉर्डला (कॉर्ड म्हणजे एकदम छेडलेले सूर) जी उघडीच असते! वहिनी गातायत आणि मी मनात खाच मोजतोय. लाकूड एकदा कापलं की परत येत नाही, हे सुताराच्या पोराला माहीत असतं, मला चाळिशीत कळलं.

त्याच चारतारीला पाचवा पेग बसवून घ्यायचाही विचार केला होता. ओळखीच्या सुतारानेच वेड्यात काढलं. बरं झालं, कारण ब्रिजवर, म्हणजे तारांची खालची टोकं बांधतात त्या पट्टीवर, साधारण पाव हिस्सा ताण वाढला असता आणि त्या बिचारीची बांधणी चारांचीच. (एका दुकानात तर लो-जी म्हणून मला गिटारची स्टीलची तार देत होते. ती नायलॉनच्या तारांसाठी बांधलेल्या युकुलेलेवर चढवू नका.)

पाचतारीत सगळं गोड आहे असं नाही. एफ आणि ए मायनर या कॉर्डना दोन्ही जी दुसऱ्या फ्रेटवर एका बोटाने दाबाव्या लागतात. जोर जास्त झाला तर जाड तार चढी बोलते. दोघी एकमेकींशी जुळलेल्या हव्यात, आणि जूनमध्ये पाऊस सुरू झाला की माझ्या घरी त्या रोज थोड्या रुसतात. पाचांचा तयार सेट मला पुण्यातल्या दुकानांत कधी मिळाला नाही. हाय-जीचा सेट आणि सुटी लो-जी असं घ्यावं लागतं. इथे मात्र मी वेटोळ्याचीच घेतो, कारण साध्या तारेपेक्षा ती बारीक असते आणि जोडीच्या अरुंद जागेत मावते. चिर्र आहेच, पण शेजारच्या बारीक तारेत बराचसा बुडतो. निदान माझ्या कानाला तरी.

चढवताना दोघींपैकी वर, म्हणजे आपल्या नाकाकडे, कोणती ते आधी ठरवा. बारा तारांच्या गिटारवर बहुधा बारीक तार वर असते. मी उलटं करतो. जाड वर ठेवली की अंगठा हलका टाकून एकटा मंद्र पंचम घेता येतो आणि खालून वर येणाऱ्या तर्जनीला बारीक आधी सापडते. हे हातात यायला मला दोन महिने लागले. तुम्हाला कदाचित कमी लागतील.

‘हे खरं युकुलेले नव्हे’ असं कुणी म्हणालंच तर सांगा, 1879 साली ‘रेवन्सक्रॅग’ जहाजातून मदेइरा या पोर्तुगीज बेटावरचे लोक हवाईतल्या होनोलुलूला उतरले, त्यांच्याकडच्या रजाओ या वाद्याला पाचच तारा असत, आणि युकुलेलेची जी-सी-ई-ए जुळवणी त्याच्यावरूनच आलेली मानतात. रजाओची पाचवी तार डीची, दुसरी जी नव्हे, हे लगेच सांगायची गरज नाही.

नुसतं बोटांनी नाजूक काम करायचं असेल, साथ करायचीच नसेल, तर चारतारी आणि कायमची लो-जी पुरे. उगाच खर्च करू नका. गाणाऱ्याशेजारी बसायचं असेल तर मी पाचतारी आधी हातात घेऊन बघेन.

माझी जुनी चारतारी आता भाचीकडे आहे. तिने त्या खाचेत बसच्या तिकिटाची घडी घातली आहे, आणि आता झर्र येत नाही.