सोलापुरात प्रोसेसर गार ठेवायचा तर: पेल्टियर की साधा टॉवर?

मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. म्हणजे नेमका एप्रिल-मेमध्ये माझा प्रोसेसर रात्रंदिवस राबतो, आणि तेव्हाच सोलापूर तव्यासारखं तापलेलं असतं. टॉवर म्हणजे धातूच्या पात्यांचा हीटसिंक आणि त्यावर पंखा; पेल्टियर म्हणजे विजेवर गार होणारी चकती, तिच्या पलीकडेही हीटसिंक-पंखा लागतोच. दोन्ही प्रकार वापरून झालेत, म्हणून लिहितोय.

पेल्टियरचा मोह का होतो, ते मी समजू शकतो. साधा हीटसिंक-पंखा खोलीतल्या हवेपेक्षा खाली जाऊच शकत नाही. दुपारी खोलीच चाळिशीला टेकलेली असेल, तर बिचाऱ्या टॉवरने करावं काय? पेल्टियरच्या चकतीला मात्र ती अट नाही. वीज सोडली की एक बाजू गार, दुसरी गरम. मी पहिल्यांदा बसवली तेव्हा मशीन नुसतं चालू होतं आणि आकडा खोलीच्याही खाली दिसत होता. शेजारच्यांना बोलावून दाखवला होता मी तो.

मग रेंडर लावलं, म्हणजे एडिट केलेल्याचा पक्का व्हिडिओ बनवायला मशीन जुंपलं.

ही चकती उष्णता गिळत नाही, पलीकडे नेऊन टाकते, आणि स्वतः खाल्लेली वीजही उष्णता करून त्यात मिसळते. प्रोसेसरचे ६५ वॅट, चकतीचे पन्नास-साठ. म्हणजे पलीकडच्या हीटसिंकवर सव्वाशेच्या घरात बोजा. तोच हीटसिंक नुसत्या प्रोसेसरला आरामात पुरला असता. इंटेलने २०२० साली अशा चकतीचं क्रायो तंत्र आणलं, तेव्हा गरम बाजूला पाणी खेळवावं लागलं होतं. आपण पंख्यावर भागवू पाहतो.

तरी मी निभावून नेलं असतं. वैताग आणला तो रुईने.

आमचं घर पूर्व भागात, भिंतीला लागून टॉवेलचे माग. रुई घरात येतेच, खिडकी लावा नाहीतर उघडी ठेवा. पेल्टियरचा गरम हीटसिंक सांभाळायला पंखा सतत पूर्ण वेगाने ठेवावा लागायचा, आणि जितका वेग तितकी रुई आत. बारा-पंधरा दिवसांत हीटसिंकच्या पात्यांवर अक्षरशः चादर विणलेली असायची, फक्त सोलापुरी छाप नव्हता. साध्या टॉवरवर एवढी रुई बसली तर मशीन थोडं जास्त तापतं, जरा मंदावतं, काम सुरू राहतं. पेल्टियरला तेवढी सवलत नाही. गरम बाजू कोंडली की गार बाजूही तिच्यामागे वर चढते, आणि चकती वीज खातच राहते. ऐन मुहूर्ताच्या दिवसांत दोनदा मशीन आपोआप बंद पडलं. दोन्ही वेळा रात्री, आणि सकाळी पार्टी पेनड्राइव्ह घ्यायला दारात.

बाकीच्या तक्रारी त्यामानाने किरकोळ. लाइट गेली की यूपीएस पूर्वीच्या निम्म्या वेळात मान टाकायचा. पावसाळ्यात दमट हवेत गार बाजूला घाम सुटतो, भोवती फोम नीट भरला नाही तर ओल प्रोसेसरच्या सॉकेटपर्यंत जाते. मे महिन्यात आपली हवा कोरडी, तेव्हा मला तो त्रास झाला नाही.

तुमचं घर मागांपासून लांब असेल, खोलीत एसी असेल आणि मशीनवर फारसा भार नसेल, तर पेल्टियर हौसेखातर करून बघायला हरकत नाही. शिकायला मिळतं. माझा अनुभव एका मशीनचा आहे, तुमचा वेगळा येऊ शकतो. पण पोट भरणारं मशीन असेल तर मी तरी टॉवरच घेईन. रेंडर चालू असताना प्रोसेसर सत्तर अंशांच्या पुढे जातो खरा, पण दोन उन्हाळे झाले, बंद पडलेला नाही.

घेताना पंख्याचा आकार नंतर बघा, आधी हीटसिंकच्या पात्यांमधली फट बघा. रंगाचा ब्रश आत शिरला पाहिजे. मी दुकानात ब्रश खिशात घालूनच गेलो होतो. दुकानदार आधी हसला, मग त्यानेच गोडाऊनमधून विरळ पात्यांचा काढून दिला.