‘तेरेझ राकँ’: खून लवकर उरकणारी कादंबरी

फ्रेंच कादंबरीकार एमिल झोला यांची ‘तेरेझ राकँ’ इंग्रजी अनुवादात मी इंदूरच्या खजुरी बाजारातल्या जुन्या पुस्तकांच्या एका दुकानातून १२० रुपयांना घेतली. बांधणी सैल झाली होती, पण टाइप मोठा होता, म्हणून फारशी घासाघीस केली नाही. घरी आल्यावर लक्षात आले की विसाव्या प्रकरणानंतरचा अख्खा फर्माच (एकत्र शिवलेल्या पानांचा गठ्ठा) नाही, म्हणजे लग्नाच्या रात्रीचे प्रकरण गायब. परत गेलो तर दुकानदाराने “पुराना माल है, साहब” एवढेच म्हणून रद्दीतला एक मराठी दिवाळी अंक फुकट हातात ठेवला. गहाळ पाने मी मोबाइलवर एका जुन्या अनुवादात वाचली.

पॅरिसमधल्या मळक्या काचेच्या छताखालच्या एका कोंदट बोळात मादाम राकँ यांचे दोरे, बटणे आणि मोज्यांचे दुकान आहे. आपल्या सदा आजारी मुलाचे, कामीयचे, लग्न त्यांनी भाची तेरेझशी लावून दिले आहे. (मामाची मुलगी सून करून आणणे आपल्याकडे बऱ्याच घरांत खटकत नाही, त्यामुळे मराठी वाचक या घरात चटकन शिरतो.) पुढे कामीयचा मित्र लोराँ येतो, तेरेझचे आणि त्याचे संबंध जुळतात आणि नौकाविहाराच्या निमित्ताने दोघे कामीयला सेन नदीत बुडवतात. बत्तीसपैकी अकराव्या प्रकरणातच हे सारे आटोपते, आणि कादंबरीचे खरे सामर्थ्य त्यानंतर दिसू लागते.

बुडताना कामीयने लोराँच्या मानेला घेतलेला चावा बरा होत नाही, तो कॉलरखाली चुरचुरत राहतो. प्रेत सापडले की नाही हे पाहण्यासाठी लोराँ रोज शवागारात जातो, आणि तिथे काचेपलीकडची प्रेते पाहायला लोक तमाशाला यावे तसे आलेले असतात. ज्या लग्नासाठी खून केला, ते झाल्यावर या दोघांना एका खोलीत झोपणे अशक्य होते.

मला सर्वाधिक हादरवून गेला तो डॉमिनोचा प्रसंग. पक्षाघाताने मादाम राकँ यांची वाचा आणि हालचाल गेली आहे, आणि आपल्या मुलाला कोणी मारले हे त्यांना त्याच अवस्थेत कळले आहे. एका गुरुवारी, नेहमीची पाहुणेमंडळी खेळायला बसलेली असताना, त्या सगळी शक्ती एकवटून टेबलावर बोटाने अक्षरे काढू लागतात. ‘तेरेझ आणि लोराँ यांनी’ इथवर येऊन बोट थांबते, आणि ग्रिव्हे नावाचा आगाऊ पाहुणा मोठ्या आत्मविश्वासाने ते वाक्य ‘माझी उत्तम काळजी घेतली आहे’ असे पुरे करून टाकतो.

१८६७ साली ही कादंबरी पुस्तकरूपाने आली तेव्हा झोला २७ वर्षांचे होते. ‘फिगारो’ या फ्रेंच वृत्तपत्रातल्या एका टीकाकाराने तिला सडके साहित्य म्हटले, त्यावर १८६८ च्या दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत झोलांनी उत्तर दिले की शल्यचिकित्सक प्रेतांवर करतात ती चिकित्सा आपण दोन जिवंत देहांवर केली आहे, आणि या दोघांचा पश्चात्ताप म्हणजे केवळ शरीरातला बिघाड आहे. प्रस्तावनेतला हा दावा मला पटला नाही. त्या म्हातारीच्या हलत्या डोळ्यांसमोर तेरेझ गुडघे टेकून रडते, क्षमा मागते आणि तिचा मुका घेते, तेव्हा ते ढोंग आहे असे लेखक बजावत असला तरी वाचणाऱ्याला तिथे नसांपलीकडचे काहीतरी जाणवते. लोराँ रक्तप्रधान आणि तेरेझ मज्जाप्रधान प्रकृतीची, हा झोलांचा सिद्धान्तही शेवटच्या एक-तृतीयांश भागात इतक्यांदा येतो की पाने न वाचताच उलटावीशी वाटतात.

तरीही पुस्तक घ्यावे, आणि शक्यतो झोलांची प्रस्तावना असलेली प्रत घ्यावी, पण प्रस्तावना कादंबरी संपल्यावर वाचावी, कारण तिच्यात कथानकाचा बराच भाग उघड झालेला आहे. जुनी प्रत घेत असाल तर पैसे देण्यापूर्वी दुकानातच उभे राहून बत्तीस प्रकरणे मोजून घ्या.