आंग्र्यांच्या आरमारातली प्रेमकथा : कादंबरी उत्तम, बांधणी भिकार

पुस्तकाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण प्रकाशकाशी माझी तक्रार अजून चालू आहे. आंग्र्यांकडचा तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, आणि फडणिसांची मुलगी, एवढ्यावरून वाचणाऱ्यांना कळेलच.

दिवाळीत घेतलं, होळीपर्यंत पुस्तकाची पाठ सुटली. आणि सुटावी कुठे? फेब्रुवारी १७५६, विजयदुर्ग. नानासाहेब पेशव्यांशी हातमिळवणी करून आलेल्या इंग्रजांनी तुळाजी आंग्र्यांचं आरमार बंदरातच जाळलं, तेच प्रकरण! मुलगी आगीकडे बघतेय आणि माझ्या हातात सुटी पानं. ६५० रुपये घेऊन नुसता गोंद फासायचा? दुकानदार म्हणतो प्रकाशकाला विचारा, प्रकाशक म्हणतो स्वखर्चाने पाठवा, पाहून कळवू. वडोदऱ्याहून कुरियरचा खर्च मी का सोसायचा?

शेवटी मांडवीजवळच्या बाइंडरकडे दिलं. गोंदासाठी पाठ आधीच कापलेली, त्यामुळे फर्मे, म्हणजे दुमडलेल्या पानांचे गठ्ठे, शिवता येईनात. कडेने भोकं पाडून टाके घातले, १८० रुपये. आता पुस्तक मजबूत आहे, पण पुरतं उघडत नाही. आतल्या समासाकडचे शब्द शिलाईत गेलेत.

तरी दांडिया बाजारातल्या आमच्या घरात ते पुन्हा वाचलं गेलं, सासूबाईंना मोठ्याने. पहिल्यांदा पावसाळ्याची शंभरेक पानं मला रेंगाळलेली वाटली होती. समुद्र बंद, गलबतं किनाऱ्यावर ओढलेली, नारळी पौर्णिमेपर्यंत कुणी हलायचं नाही. आता तीच पानं सर्वांत आवडतात. वारा पडला की वल्ह्यांची गलबतं दोर लावून मोठ्या गुराबा, म्हणजे शिडांची लढाऊ जहाजं, ओढत. त्या मुलीच्या भावाची गुराब आपला नायक, तो तांडेल, अशीच तोफांच्या माऱ्यातून ओढून काढतो. समुद्रावर भाऊ त्याचा शब्द मोडत नाही. तोच तांडेल पावसात त्यांच्या दारी येतो तेव्हा अंगणात भिजत उभा राहतो, आणि भाऊ त्याला ओटीवर बस म्हणत नाही. मुलगी दाराआडून बघते. इथे सासूबाई म्हणाल्या, "थांब गं जरा, लगेच पुढे नको वाचूस."

मराठ्यांचं आरमार बुडवायला पेशव्यांचाच हात लागला, हे लेखकाने आडपडदा न ठेवता लिहिलंय, त्याचं मला फार मोल वाटतं.

असं पुस्तक दहा हातांत फिरायला हवं, आणि ही बांधणी तीन हातांतही टिकली नाही. पुठ्ठ्याची, शिवलेली आवृत्ती निघाली तर १०० रुपये जास्त देऊन पुन्हा घेईन. प्रकाशकांना तसं कळवलंय, आणि बाइंडिंगचे १८० परत मागितलेत.