सरकारी मोजणी घेतली, त्याबद्दल

तापीकाठच्या आमच्या गावात 1 हेक्टर 62 आरचा एक गट आहे. सासरे आणि त्यांचे धाकटे भाऊ यांच्यात तो निम्मानिम्म वाटला गेला, 81-81 आर. चुलत दिरांनी त्यांचा भाग बारा वर्षांपूर्वी विकला. घेणाऱ्यांना आम्ही जिभाऊ म्हणतो, ते मला वहिनी म्हणतात. माणूस भांडखोर नाही. पण दर नांगरटीला ट्रॅक्टर बांधाला घासून जायचा आणि बांध थोडा थोडा माझ्या अंगावर यायचा. यजमान होते तोवर ते बोलून घ्यायचे. ते गेल्यावर मी एकदा शेतात अडवलं, तर जिभाऊंचा मुलगा म्हणाला, "काकू, हाऊ बांध मना बापनी टाकेल शे." मी या घरात लग्न होऊन आले तेव्हा त्याच बांधावर सासूबाईंनी तूर लावलेली होती. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आधी मी चूक केली. तालुक्याच्या गावातला एक मुलगा मोबाइलवर शेत मोजून देतो असं कळलं. त्याने 1500 रुपये घेतले, फोन हातात धरून शेताभोवती चालला आणि क्षेत्र 84 आर सांगितलं. आठ दिवसांनी पुन्हा चालला तर 79 आर. फोनचं ठिकाण तीन-चार मीटर सहज इकडे तिकडे होतं, आणि आमचा सगळा वाद तेवढ्याच रुंदीचा होता. बांधासाठी हे पैसे कोणी घालू नयेत, असं मी कळकळीने सांगते.

मग जानेवारी 2025 मध्ये सरकारी मोजणीचा अर्ज ऑनलाइन भरला. प्रकार 'हद्द कायम', म्हणजे रेकॉर्डवरची हद्द शेतात दाखवून देणं, आणि दोन हेक्टरच्या आत म्हणून नियमित मोजणीची फी 2000 रुपये. द्रुतगती घेतली असती तर 8000. इथे एक गोष्ट मला फार उशिरा समजली. सातबाऱ्यावर क्षेत्र असतं, हद्दीची ओळ नसते. माझा आणि जिभाऊंचा सातबारा वेगळा आहे, म्हणून आम्ही दोघंही निर्धास्त होतो. ओळ असते नकाशात. सासऱ्यांच्या वाटणीची फाळणी, म्हणजे गटातले हिस्से दाखवणारा नकाशा, रेकॉर्डला निघाली म्हणून हद्द कायम करता आली. ती नसती तर आधी पोटहिस्सा मोजणी, म्हणजे गटातला प्रत्येकाचा हिस्सा मोजून नकाशावर आणणं, करावी लागली असती, आणि तिथे दोघांच्या सह्या लागल्या असत्या. अर्ज भरण्याआधी फाळणीचा नकाशा निघतो का, ते बघाच.

पहिली तारीख मार्चमध्ये मिळाली. लगतच्या सगळ्यांना नोटिसा गेल्या, मी चार माणसांचा स्वयंपाक करून बसले आणि कोणी आलं नाही. फोन नाही, निरोप नाही. ऑफिसात गेले तर म्हणाले, पुढची तारीख पडेल. एकट्या बाईने मजूर सांगून ठेवलेले असतात, शेजारी कामं सोडून आलेले असतात, याचा कोणी विचार केला नाही. याचं मला अजून वाईट वाटतं.

आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, पाचव्या दिवशी भूकरमापक आले. रान मोकळं होतं, कपाशी उपटून झालेली. त्यांनी आल्याआल्या बांधाकडे पाहिलंही नाही. आधी शिवेवरचा जुना दगड शोधला, मग गटाचे कोपरे, आणि रोव्हर, म्हणजे उपग्रहावरून अचूक ठिकाण दाखवणारं काठीवरचं यंत्र, एकेका बिंदूवर उभा करत गेले. जिभाऊंनी विचारलं, "साहेब, बांध तर इकडे आहे, तुम्ही तिकडे काय बघता?" ते म्हणाले, बांध माणसं सरकवतात, दगडापासून निघालं की कोणाला शंका राहत नाही. मग सावलीत बसून फाळणीवरची ओळ आम्हा दोघांना बोट ठेवून दाखवली. गुंठा म्हणजे 33 फुटांच्या साखळीचा चौरस, 1089 चौरस फूट, हेही मला तिथेच कळलं. त्या अर्ध्या तासासाठी मी मार्चचा राग सोडायला तयार आहे.

निघालं असं. 600 फूट लांबीच्या बांधात नाल्याच्या टोकाला जिभाऊ 11 फूट माझ्यात, आणि रस्त्याच्या टोकाला मी 2 फूट त्यांच्यात. हिशेबाने अडीच गुंठ्यांच्या वर माझं क्षेत्र त्यांच्याकडे होतं. रस्त्याकडच्या त्या दोन फुटांत माझ्या पाइपलाइनच्या व्हॉल्व्हची पेटी होती. ती मी आठवड्यात हलवली, 1800 रुपये लागले. आपल्याकडचं आधी सोडल्याशिवाय समोरच्याला तोंड कसं दाखवायचं?

क-प्रत, म्हणजे मोजणीनंतर मिळणारा हद्दीचा नकाशा, हातात आल्यावर अनेकांना वाटतं की जमीन मिळाली. मोजणीवाले हद्द दाखवतात, ताबा देत नाहीत. शेजाऱ्याने नाही सोडली तर पुढे कोर्टाची वाट असते. निकाल पटला नाही तर निमताना मोजणीचा, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणीचा, अर्ज करता येतो, जिभाऊंनी तो केला नाही. मोजणीच्या वेळी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत उभे होते, म्हणूनच, असं मला वाटतं. शेजारी शेतात नसताना झालेल्या मोजण्या आमच्या गावात आजही भांडणात आहेत. नोटीस गेली तरी आदल्या दिवशी स्वतः त्यांच्या ओट्यावर जाऊन बोलावून या.

पाचपैकी चार गुण देते. एक गुण मार्चच्या त्या दिवसाचा कापला.

यंदा जिभाऊंनी बराचसा पेरा नव्या खुणांवरून धरला. नाल्याच्या टोकाला मात्र अजून दोन सऱ्या माझ्यात आहेत. क-प्रत घेऊन रविवारी त्यांच्याकडे जाणार आहे.