प्रकाशाचा झोत वळवायला आरसा की फिरते प्रिझम?
आरशाचं गणित सोपं: तो 1 अंश कलला की झोत 2 अंश वळतो, सगळे रंग एकाच दिशेने. पण मागे-पुढे डोलताना त्याला दर वेळी थांबून उलटं फिरावं लागतं, आणि हादऱ्याने नेमही दुपटीने हलतो.

रिस्ले प्रिझमची जोडी, म्हणजे झोताच्या अक्षाभोवती स्वतंत्रपणे फिरणारे दोन पाचरीसारखे प्रिझम, मला जास्त देखणी वाटते. 1.5 अपवर्तनांकाच्या (काच प्रकाश किती वाकवते त्याचं माप) काचेचे, 10 अंश कोनाचे दोन प्रिझम एकामागे एक ठेवा. जाड कडा एकाच बाजूला आल्या तर झोत सुमारे 10 अंश वळतो. विरुद्ध बाजूंना गेल्या तर जवळपास सरळच जातो. मधल्या दिशा नुसत्या फिरवण्यातून मिळतात! मात्र पांढऱ्या प्रकाशाचे रंग फाकतात, आणि लक्ष्य मध्याजवळून, म्हणजे झोताच्या सरळ दिशेजवळून, जाताना प्रिझम फार वेगाने फिरवावे लागतात. एकरंगी लेसर हादरणाऱ्या वाहनावर बसवायचा असेल, तर मी प्रिझमच निवडेन.