खर्जाच्या खाली अजून एक सप्तक: बेसवर ऑक्टेव्हर वापरल्यानंतर

ऑक्टेव्हर, म्हणजे वाजवलेल्या स्वराला एक सप्तक खालचा स्वर जोडणारं पेडल, घेतल्यापासून माझा डावा हात बेस गिटारच्या नेकवर बराच वर सरकलाय. पहिल्या तीन-चार फ्रेटवर वाजवायचं असेल तर पेडल बंद. पाचव्या फ्रेटच्या पुढे, तेही मधल्या दोन तारांवर, गेले की चालू. बरेच महिने वापरून हाताला ही सवय लागली आणि आता माझ्या मते या पेडलचा निम्मा उपयोग त्यातच आहे.

कारण साधं आहे. चार तारांच्या बेसची मोकळी ई तार ४१.२ हर्ट्झला वाजते. तिच्या एक सप्तक खाली गेलं की २०.६ हर्ट्झ, म्हणजे माणसाचा कान जिथे हात टेकतो तिथे. स्पीकरचं कॅबिनेट तर त्याच्या खूप आधी थकतं. आता तोच ई स्वर ए तारेच्या सातव्या फ्रेटवर घ्या: ८२.४ हर्ट्झ. त्याचं खालचं सप्तक बरोबर ४१.२, म्हणजे मोकळ्या ई तारेचाच स्वर, पण वर मूळ स्वराची धार शाबूत. ऐकणाऱ्याला वाटतं बेस प्रचंड जाड झालाय. प्रत्यक्षात स्पीकरला नेहमीचंच काम करायचं असतं.

माझ्याकडे दोन पेडल आहेत. एक ॲनालॉग, एका वेळी एकच स्वर समजणारं. दुसरं डिजिटल पॉलिफोनिक, म्हणजे एकाच वेळी अनेक स्वर समजणारं. नावं मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढच्या बहुतेक गोष्टी त्या त्या जातीच्या सगळ्याच पेडलना लागू पडतात. ॲनालॉग जातीचं घराणं ज्यांना माहीत करून घ्यायचंय त्यांनी बॉस ओसी-२ पासून सुरुवात करावी. १९८२ साली आलेलं, केव्हाच बंद झालेलं, आणि तरीही बेसवाल्यांच्या गप्पांत अजून ज्याची मोजपट्टी लावली जाते ते हे पेडल. बेसवादक पिनो पॅलाडिनोच्या फ्रेटलेस (फ्रेट नसलेल्या) बेसखालचा तो जाड थर आठवत असेल तर मी कशाबद्दल बोलतेय ते लगेच कळेल. याच कंपनीच्या २०२० च्या ओसी-५ मध्ये जुन्या धाटणीचा मोड आणि पॉलिफोनिक मोड असे दोन्ही आहेत.

ॲनालॉग पेडल आत काय करतं हे कळल्यावर माझी निम्मी चिडचिड थांबली. ते येणाऱ्या सिग्नलचा वरचा भाग गाळून टाकतं, मग लाट शून्य रेषा किती वेळा ओलांडते ते पाहतं. प्रत्येक पूर्ण आवर्तनाला आतला फ्लिप-फ्लॉप (दोनच स्थिती असलेलं छोटं सर्किट) एकदा पलटतो. दोन आवर्तनांत त्याची एक फेरी होते, म्हणून वारंवारता निम्मी. आणखी एक फ्लिप-फ्लॉप जोडला की पाव, म्हणजे दोन सप्तकं खाली. यात संगीताची जाण कुठेच नाही, नुसती मोजणी आहे. दोन तारा एकदम छेडल्या की मोजणी चुकते आणि पेडल घुरघुरायला लागतं. स्वर विरत आला की तसंच. आणि मोकळ्या ई तारेवर मूळ स्वरापेक्षा त्याचे उपस्वर (त्याच्यासोबत निघणारे वरचे स्वर) जास्त जोरात असतात, त्यामुळे पेडल कधी वरच्या सप्तकात उडी मारतं, कधी परत खाली येतं.

यावर उपाय पेडलच्या नॉबमध्ये कमी आणि हातात जास्त आहे. नेकजवळचा पिकअप, टोन नॉब बराचसा बंद, आणि उजवा हात ब्रिजपासून दूर, नेकच्या टोकाकडे. एवढं केलं की मूळ स्वर ठळक होतो आणि ट्रॅकिंग, म्हणजे पेडलचं स्वर ओळखणं, लगेच सुधारतं. फ्लॅटवाउंड (गुळगुळीत वेढ्याच्या) तारांवर तर आणखी. न वाजणाऱ्या तारा दाबून ठेवणं इथे चैन नाही, सक्ती आहे. शेजारची तार नुसती थरथरली तरी पेडल तिचीही दखल घेतं. आणि स्वर विरायची वाट पाहायची नाही, घुरघुर सुरू व्हायच्या आत तो आपणच तोडायचा. यामुळे वाजवणं आपोआप आटोपशीर झालं. लांब खेचलेले स्वर कमी झाले, मधल्या जागा वाढल्या. ड्रमरला हे माझ्याआधी कळलं.

ड्रमरचा विषय निघालाच आहे तर: किक ड्रमचं वजन साधारण ५० ते ८० हर्ट्झच्या आसपास असतं, आणि ऑक्टेव्हरचा खालचा थर नेमका तिथेच येऊन बसतो. घरी हेडफोनवर जे सेटिंग भव्य वाटतं ते बँडमध्ये नुसता गढूळपणा करतं. माझा खालच्या सप्तकाचा नॉब घरी अर्ध्याच्या पुढे असायचा. आता तालमीत तो अर्ध्याच्या बराच खाली असतो आणि ड्राय सिग्नल, म्हणजे बेसचा मूळ आवाज, जवळपास पूर्ण. ड्राय पूर्ण बंद करून फक्त खालचा थर, मागे एन्व्हलप फिल्टर (छेडण्याच्या जोरानुसार उघडझाप करणारा फिल्टर), हे सिंथ बेससाठी फार मजेदार आहे. एखाद्या गाण्यात. सगळ्या गाण्यांत केलं तर बँडवाले हाकलतील.

स्पीकरबद्दल कोणी फारसं बोलत नाही, म्हणून थोडं सविस्तर. तेवढ्याच मोठ्या आवाजासाठी वारंवारता निम्मी झाली तर स्पीकरच्या कोनला (हलणाऱ्या पडद्याला) ढोबळमानाने चौपट पुढेमागे हलावं लागतं. म्हणजे जो थर धड ऐकूही येत नाही त्यासाठी अँप आणि कोन दोघेही घाम गाळतात, आणि जे ऐकू यायला हवं त्याला ताकद उरत नाही. ऑक्टेव्हरनंतर ३० हर्ट्झच्या आसपास हाय-पास फिल्टर (त्याखालचा आवाज कापणारा) लावल्यावर माझा बेस जास्त मोठा वाटायला लागला. ऐकायला उलटं वाटतं, पण करून पाहा. लहान कॉम्बो अँपवर तर हे केल्याशिवाय खालच्या नॉबला हात लावू नये.

डिजिटल पॉलिफोनिकचा स्वभाव वेगळा. दोन-तीन स्वर एकदम दिले तरी गोंधळत नाही, मोकळ्या ई तारेवरही ठाम राहतं, आणि वरचं सप्तक स्वच्छ देतं. ते वरचं सप्तक मला अनपेक्षितपणे आवडलं. हळू लयीत ऑर्गनसारखं पसरतं. पण छेडल्यानंतरचा पहिला ठोसा मऊ पडतो. ४१ हर्ट्झचं एक आवर्तन पूर्ण व्हायलाच सुमारे २४ मिलिसेकंद लागतात, त्यामुळे खालचा स्वर ओळखायला कुठल्याही पेडलला थोडा वेळ हवाच. ॲनालॉग त्या वेळात काहीतरी ओबडधोबड बोलून मोकळं होतं. डिजिटल विचार करून बोलतं, आणि फंक वाजवताना तो विचार बोटांना जाणवतो. माझ्या पेडलबोर्डवर कायमचं राहिलं ते ॲनालॉग. डिजिटल रेकॉर्डिंगच्या वेळी बाहेर येतं.

सब-हार्मोनिक सिंथेसायझर ही याचीच भावकी, पण काम निराळं. डीबीएक्स १२०ए सारखं रॅकमधलं यंत्र साधारण २४ ते ३६ आणि ३६ ते ५६ हर्ट्झ अशा दोन पट्ट्यांत नवा खालचा आवाज तयार करतं. ते प्रामुख्याने पूर्ण मिक्ससाठी, मोठे सबवूफर असलेल्या जागेसाठी आहे. असे सबवूफर नसतील तर बेसवाल्याने त्याच्या नादी लागू नये.

‘त्यापेक्षा पाच तारांचा बेस का नाही?’ असं हमखास विचारलं जातं. पाचव्या तारेचा बी ३०.९ हर्ट्झचा असतो आणि त्याला तारेचे सगळे उपस्वर असतात, म्हणून तो लहान स्पीकरवरही कळतो. ऑक्टेव्हरचा थर गोल, काहीसा यांत्रिक, आणि मूळ स्वराला चिकटून चालणारा. एकाची भूक दुसऱ्याने भागत नाही. गाण्यात खालचा डी किंवा सी खरोखर लिहिलेला असेल तर पाच ताराच घ्या.

पेडलच्या साखळीत ऑक्टेव्हर ट्यूनरच्या लगेच नंतर. कॉम्प्रेसर (आवाजाचे चढउतार सपाट करणारं पेडल) आधी ठेवला तर स्वर जास्त वेळ स्थिर राहतो, पण विरणारी घुरघुरही वर येते, म्हणून मी तो नंतर ठेवते. कोरस, डिले, डिस्टॉर्शन सगळं मागे. रेकॉर्ड करताना स्वच्छ डीआय ट्रॅक (पेडल-अँपशिवाय थेट बेसचा) वेगळा घ्यावाच. खालचा थर किती हवा हे मिक्सच्या वेळीच नीट ठरतं.

दोन सप्तकं खालचा नॉब मी जवळजवळ वापरतच नाही. तो कामाचा ठरायला जी तारेच्या नवव्या फ्रेटपर्यंत जावं लागतं: तिथला ई १६४.८ हर्ट्झ, त्याचा पाव भाग पुन्हा तोच ४१.२. तिथे एकट्याने वाजवताना मजा येते, पण बँडमध्ये तेवढ्या वर मला क्वचितच कोणी जाऊ देतं.