लँड रोव्हरला घरी केलेले ॲल्युमिनियमचे पत्रे: अकरा महिन्यांनंतर

दसऱ्याला गाडी धुताना डाव्या दाराच्या खालच्या कडेवरून बोट फिरवलं आणि रंगाचा पापुद्रा सुटून हातात आला. आत पांढरी भुकटी, पावसाळ्यात बरणीत ओलावलेल्या मिठासारखी. पत्रा जोडणाऱ्या प्रत्येक रिव्हेटभोवती रंग फुगलेला आणि तीन रिव्हेटच्या मधून तांबूस ओघळ खाली उतरलेला. उजवं दार स्वच्छ. दोन्ही दारं मीच केलेली, पत्रा एकाच शीटमधला, रंग एकाच डब्यातला. फरक फक्त रिव्हेटचा. ज्यांच्या गाडीचं हे काम अजून व्हायचं आहे त्यांच्यासाठी सगळं लिहून ठेवतो.

गाडी सीरिज टू-ए, 88 इंची, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर 88 इंच. आतल्या पोलादी सांगाड्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा कडा दुमडून बसवलेला असतो, हे ज्यांच्याकडे ही गाडी आहे त्यांना सांगायला नको. 1948 मध्ये ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात पहिली लँड रोव्हर उभी राहिली तेव्हा ब्रिटनमध्ये पोलाद मोजून मिळत होतं, म्हणून बॉडी बर्माब्राइटची, म्हणजे मॅग्नेशियम मिसळलेल्या ॲल्युमिनियमची केली. तेव्हापासून ही गाडी गंजत नाही असं सगळे म्हणतात. नुसता पत्रा गंजत नाही हे खरं, पण त्याला पोलाद चिकटलेलं असतं आणि मध्ये पाणी शिरलं की पत्राच झिजायला सुरुवात होते. माझी दोन्ही दारं खालून तशीच गेली होती, चाळणीसारखी.

तयार पत्रे बाहेरून मागवायचा हिशेब काढला. वाहतूक आणि कस्टम ड्युटी मिळून पत्र्याच्या किमतीच्या पुढे जात होती. एवढे पैसे सपाट पत्र्याला मी देणार नव्हतो.

आपल्याकडे सहज मिळणारं, बर्माब्राइटच्या जवळचं मिश्रण म्हणजे 5052. त्यात सुमारे अडीच टक्के मॅग्नेशियम असतं. 1.2 मिलिमीटर जाडी, 1250 बाय 2500 ची शीट, वजन दहा किलोच्या आसपास. दोन्ही दारांचे खालचे पत्रे आणि पुढच्या फेंडरच्या दोन बाजू त्यात बसल्या. मी एच-32, म्हणजे बेताच्या कडकपणाचा पत्रा मागितला होता. व्यापाऱ्यानं बिलावर नुसतं ‘ॲल्युमिनियम शीट’ लिहिलं आणि टेस्ट सर्टिफिकेट मागितल्यावर म्हणाला, ‘साहेब, एका शीटला कोण सर्टिफिकेट देतं?’

पहिली कड पुण्याजवळ भोसरीत बेंडिंग मशीनवर दुमडली. नव्वद अंशांपर्यंत व्यवस्थित. पुढे सांगाड्यावर पूर्ण दाबताना घडीवर बारीक रेघ उठली आणि दुसऱ्या ठोक्याला ती उघडली. मी तो तुकडा घेऊन व्यापाऱ्याकडे गेलो. तो ऐकेना, मी हटेना. माल कडक दिलाय, परत घ्या, यावर आमचं तीन वेळा वाजलं. शेवटी अर्धे पैसे पुढच्या मालात वळते करायचं ठरलं.

इथे मला माझं म्हणणं थोडं बदलावं लागतं. दुसरी शीट आल्यावर मी आधी चार बोटं रुंदीच्या पट्ट्या कापल्या, काही उभ्या, काही आडव्या, आणि सगळ्या शिकंज्यात धरून दुमडल्या. एका दिशेच्या पट्ट्या तडकल्या, दुसऱ्या दिशेच्या टिकल्या. शीट रोलरमधून निघते तेव्हा धातूला लांबीच्या दिशेनं एक धार येते, उजेडात तिरकं धरलं की बारीक रेषा दिसतात. घडी त्या रेषांना समांतर घातली तर तडा जातो, आडवी घातली तर जात नाही. पहिल्या शीटवर पत्रा वाचावा म्हणून मी दार आडवं आखलं होतं आणि खालची मोठी घडी बरोबर रेषांच्या दिशेनं आली होती. त्यामुळे पहिल्या तड्याचं खापर एकट्या व्यापाऱ्यावर फोडता येत नाही. सर्टिफिकेट न देणं मात्र चूकच. नुसत्या डोळ्यांनी 5052 कुठला आणि साधा पत्रा कुठला, हे कुणालाही सांगता येत नाही.

पूर्ण दुमडायच्या कडेला नरम करावंच लागतं. ते मी कसबा पेठेत, तांबट आळीत शिकलो. तिथले एक काका तांब्याचे बंब आणि घंगाळी मठारतात. हातोडीचा प्रत्येक ठोका शेजारच्या ठोक्याला लागून पडतो, त्यानं धातू कडकही होतो आणि चमकतोही. ठोकून ताठ झालेलं तांबं ते भट्टीत लाल करून पुन्हा मऊ करतात. ॲल्युमिनियम लाल होत नाही, हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी पत्रा हातात घेऊन वाजवला आणि विचारलं, ‘मग कळतं कसं?’ कळतं ते साबणानं. कपड्याची वडी कोरडीच कडेवर घासायची आणि मागच्या बाजूनं गॅसची ज्योत फिरवत राहायची. साबण आधी पिवळा, मग चॉकलेटी होतो. काळपट व्हायला लागला की ज्योत बाजूला. साडेतीनशे अंशांच्या पुढे तो पत्रा मऊ पडतो. 660 अंशांना शुद्ध ॲल्युमिनियम वितळतं आणि आपलं मिश्रण त्याच्याही आधी. रंग बदलून इशारा मिळत नाही, एकदम भोक पडतं. माझा एक कोपरा तसा गेला.

काकांनी लाकडी मोगरीनं माझी कड अर्ध्या तासात बसवून दिली. एकदम दाबायची नाही, पूर्ण लांबीवर तीन फेऱ्या, प्रत्येक फेरीत थोडी. ‘एका जागी मारत राहिलास तर ती जागा लांबते, मग तिला पोट येतं,’ म्हणाले. हे मी आधी ऐकलं असतं तर उजव्या दाराच्या मधलं पोट टळलं असतं. ताशी पन्नासच्या पुढे ते दार डब्यासारखं वाजायचं. ते पोट लहान हातोडीनं आतून हलकं फुगवून एका बाजूला स्थिर केलं. आता आवाज येत नाही.

खांद्याचा गोलावा मात्र माझ्या अपेक्षेपेक्षा सोपा गेला. आधीच्या सीरिज वनच्या बाजू जवळजवळ सपाट होत्या, 1958 मध्ये रोव्हरचे डिझायनर डेव्हिड बॅश यांनी सीरिज टूला कंबरेशी हा गोलावा दिला. जुन्या फेंडरवरून पुठ्ठ्याचा साचा काढला, त्या मापाचा बाभळीचा ठोकळा केला आणि पत्रा त्यावर हातानंच दाबत नेला. फेंडरवरून दारावर उजेडाची रेघ सरळ जाते का, एवढंच बघायचं. जाते.

आता रिव्हेट. पूर्ण पत्रा, रंग, घडी यापेक्षा मला याचंच जास्त सांगायचं आहे.

पॉप रिव्हेट म्हणजे ॲल्युमिनियमची पोकळ नळी आणि तिच्यातून जाणारी पिन. पिस्तुलानं पिन ओढली की आतलं टोक फुगतं आणि पिन तुटते, पण पिनेचं डोकं नळीच्या आत अडकून राहतं. दुकानात सगळीकडे मिळणाऱ्या रिव्हेटची नळी ॲल्युमिनियमची आणि पिन पोलादी असते. पिनही ॲल्युमिनियमची असलेले रिव्हेट वेगळे मागावे लागतात. मला ते नगाला दीड रुपया महाग पडले. उजव्या दाराला तेच मारले. डावं दार करायला घेतलं तेव्हा ते संपले होते. रविवार होता, सांगाडा आणि पत्र्याच्या मधली टेप लावून झाली होती, म्हणून कोपऱ्यावरच्या हार्डवेअरमधून साधे आणले. बावीस रिव्हेट. तेहतीस रुपये वाचले.

बाकी दोन्ही दारांचं सगळं सारखं. सांगाड्याला इपॉक्सी प्रायमर, मध्ये टेप, प्रत्येक रिव्हेट सीलंटमध्ये बुडवून मारलेला, खालची पाणी जायची भोकं दोन्हीकडे मोकळी. मे महिन्यात चार दिवस समुद्रकाठी श्रीवर्धनला, मग अख्खा पावसाळा आणि ताम्हिणी घाटातून सात-आठ फेऱ्या. रिव्हेटच्या मधल्या खळग्यात पाणी साचतं, खाली पोलादाचा मणी असतो आणि भोवती ॲल्युमिनियम. दोन वेगळे धातू आणि खारट ओल, म्हणजे लहानशी बॅटरीच, आणि तिच्यात झिजतं ते ॲल्युमिनियम. एवढासा मणी एवढ्या मोठ्या पत्र्याचं काय बिघडवणार, असं मलाही वाटत होतं. पूर्ण पत्र्याचं बिघडत नाही, भोवतालच्या बोटभर जागेचं बिघडतं, आणि कडेला अशा बावीस जागा एका ओळीत असतात.

ॲल्युमिनियमच्या पिनेचे रिव्हेट कमजोर म्हणून टाळा, असं मला दोघातिघांनी सांगितलं होतं. पकड थोडी कमी असते, मान्य. मी ते जरा जवळजवळ मारले. अकरा महिन्यांत उजव्या दाराचा एकही सैल झालेला नाही.

रंगाचं थोडक्यात: घासून चोवीस तास ठेवलेल्या पत्र्यावर प्रायमर नीट धरत नाही, घासल्यावर त्याच दिवशी एच (etch) प्रायमर, म्हणजे धातूत रुतून धरणारा आम्लयुक्त प्रायमर मारा. एवढं पाळलं तर रंग टिकतो. उजव्या दारावर नखानंही निघत नाही.

डावं दार उतरवून बावीसच्या बावीस रिव्हेट ड्रिलनं काढले. पत्रा वाचला. खड्डे पडलेत, पण आरपार एकही नाही. घासून पुन्हा प्रायमर दिला. नवे रिव्हेट घ्यायला गेलो तेव्हा खिशात चुंबक होतं. दुकानदारानं ‘प्युअर ॲल्युमिनियम’ म्हणून पुढे केलेल्या पहिल्या पाकिटातल्या पिना चुंबकाला टपाटप चिकटल्या. दुसऱ्याच्या चिकटल्या नाहीत, पण स्टेनलेसही कधी कधी चिकटत नाही, म्हणून एक पिन चाकूनं ओरखडून बघितली. मऊ होती, चाकू लगेच रुतला. शंभराचं पाकीट घेतलं. मागच्या टबाच्या, म्हणजे गाडीच्या मागच्या हौद्याच्या, दोन्ही बाजू दिवाळीनंतर करायच्या आहेत.